खटक्यावर किती विसंबायचे?

घडीचा चाकू ही वस्तू तशी चमत्कारिकच म्हणायला हवी. कापायचे काम नीट व्हायचे तर पाते आणि मूठ एकजीव असायला हवीत. स्वयंपाकघरातल्या सुरीचे पाते मुठीत खोलवर गेलेले असते ते त्यासाठीच. घडीच्या चाकूत मात्र जिथे सर्वांत जास्त ताण येतो, नेमक्या त्याच ठिकाणी आपण एक सांधा ठेवतो. चाकू खिशात ठेवायचा तर धार झाकली गेली पाहिजे, म्हणून हा सांधा. आणि काम करताना तोच सांधा मिटून बोटे कापली जाऊ नयेत, म्हणून त्यावर पुन्हा काहीतरी युक्ती. या एका सांध्याभोवती माणूस गेली अडीच हजार वर्षे युक्त्या लढवत आला आहे.

या युक्त्यांचा इतिहास शिक्षकांपुढे मांडावा असे आम्हाला वाटले, त्याला दोन कारणे आहेत. एक तर तरफ, घर्षण आणि स्थितिस्थापकता ही शालेय पुस्तकातली प्रकरणे या लहानशा वस्तूत एकत्र भेटतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. एखादी वस्तू मजबूत असणे आणि ती विश्वासार्ह असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चाकूच्या खटक्याइतके स्पष्टपणे फार थोड्या वस्तू दाखवतात. पूल, धरणे, विमाने यांच्याबाबतही हाच फरक असतो. पण ती वर्गात आणता येत नाहीत.

आधी बलाची दिशा

इतिहासाकडे वळण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारू या. घडीच्या चाकूला खटका मुळात लागतोच का?

आपल्याकडची घडीची विळी पाहा. तिचे पाते पाटाच्या पुढच्या टोकाशी एका खिळ्यावर फिरते. काम झाले की पाते आपल्या बाजूला पाटावर निजवायचे. चिरायला बसले की ते उभे करायचे. बहुतेक विळ्यांना खटका नसतो, तरी चिरताना पाते मिटत नाही. कारण उघड आहे. धार आपल्याकडे असते आणि आपण भाजी धारेवर दाबतो ती पुढच्या दिशेला. हे बल पात्याला आणखी उघडायला पाहते, आणि तिकडे पाते अडणीला टेकलेले असते. म्हणजे कापण्याचे बलच पात्याला जागेवर धरून ठेवते. नारळ खवताना मात्र हात मागे-पुढे होतो, बलाची दिशा बदलत राहते, आणि खिळा सैल असेल तर विळी डुगडुगते.

घडीच्या चाकूचेही असेच आहे. पेन्सिलीला टोक करताना, दोरी कापताना, फळ चिरताना बल धारेवर येते आणि पाते अडणीवर दाबले जाते. खटक्याला तेव्हा काहीच काम नसते. खटक्याची गरज लागते ती बल पात्याच्या पाठीवर आले तर. चाकू लाकडात रुतला आणि तो हिसडून काढायला गेलो, टोकाने भोक पाडायला गेलो, किंवा पात्याची पाठ कशावर तरी आपटली, तर पाते मिटण्याच्या दिशेने ढकलले जाते. आणि त्या दिशेला आपली बोटे असतात.

खटका हा नेहमीच्या कामासाठी नसतो, चुकीच्या किंवा अवचित क्षणासाठी असतो, हे इथे लक्षात ठेवू या. सुरक्षिततेची बहुतेक साधने अशीच असतात.

खटक्याविनाची दोन हजार वर्षे

आज माहीत असलेला एक अतिशय जुना घडीचा चाकू ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे सापडला. मिठाच्या खाणींसाठी आणि लोहयुगातील दफनभूमीसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. चाकूची मूठ हाडाची असून त्याचा काळ इ.स.पूर्व ६०० ते ५०० च्या सुमाराचा मानला जातो. रोमन लोकांमध्येही घडीचे चाकू चांगलेच रुळले होते. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील एक रोमन साधन आहे. चांदीच्या चौकटीत लोखंडी पाते, चमचा, काटा, अणकुचीदार सळई अशा घडी होणाऱ्या वस्तू त्यात बसवल्या आहेत.

या जुन्या चाकूंच्या साध्या रचनेत पाते केवळ घर्षणाने जागेवर राहते. खिळा ठोकून घट्ट केला की मुठीच्या दोन भिंती पात्याला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. लाकूड किंवा हाड झिजले, सुकले की पकड सैल होते. खिळा पुन्हा ठोकायचा, एवढीच त्याची देखभाल.

घर्षणाच्या या चाकूचे सर्वांत सुबक रूप जपानमध्ये तयार झाले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ह्योगो प्रांतातील मिकी या गावी 'हिगोनोकामी' नावाचा चाकू बनू लागला. घडी घातलेला पत्रा ही त्याची मूठ, एक खिळा, आणि पात्याच्या बुडाला मागे निघालेली एक छोटी शेपटी. या शेपटीला 'चिकिरी' म्हणतात. चाकू उघडला की शेपटी मुठीच्या पाठीवर येऊन टेकते आणि काम करणाऱ्याचा अंगठा आपोआप तिच्यावर पडतो. अंगठा दाबलेला असेपर्यंत पाते मिटू शकत नाही. यात खटका नाही असे म्हणता येईल. किंवा इथे अंगठाच खटका आहे असेही म्हणता येईल. हा खटका झिजत नाही, त्यात धूळ अडकत नाही. मात्र वापरणाऱ्याचे लक्ष उडाले की तो नाहीसा होतो.

कमान आली

इंग्लंडमधील शेफील्ड हे गाव चौदाव्या शतकापासून चाकू-सुऱ्यांसाठी ओळखले जाई. चॉसरच्या कँटरबरी कथांमध्येही शेफील्डच्या चाकूचा उल्लेख आहे. १६२४ मध्ये तिथल्या कारागिरांची संघटना संसदेच्या कायद्याने स्थापन झाली. सतराव्या शतकाच्या मध्यापासून या भागात एक नवी रचना रूढ होऊ लागली. मुठीच्या पाठीत पोलादाची एक कमान, म्हणजे स्प्रिंग, बसवायची. पात्याचे बूड चौकोनी ठेवायचे. पाते पूर्ण उघडले की बुडाची सपाट बाजू कमानीवर टेकते. मिटायला गेलो तर बुडाचा कोपरा कमानीला वर उचलतो, कमान विरोध करते, आणि कोपरा ओलांडला की पाते 'टक्' करून पलीकडे जाते. आजही बहुतेक साध्या खिशातल्या चाकूंची रचना हीच आहे.

कमानीला चांगले पोलाद लागते. वारंवार वाकून पुन्हा मूळ आकारात यायचे तर पोलाद सर्वत्र एकसारखे हवे; आत मळीचे कण राहिले तर तिथूनच तडा जातो. बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला घड्याळाच्या कमानींसाठी असेच पोलाद हवे होते. १७४० च्या सुमारास त्याने मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवण्याची पद्धत बसवली. शेफील्डच्या चाकूवाल्यांनी सुरुवातीला हे पोलाद फार कठीण म्हणून नाकारले. पुढे त्याच पोलादाने शेफील्डचे नाव जगभर झाले.

ही कमान म्हणजे खटका नव्हे, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. कमान पात्याला अडवते, पण पुरेसे बल दिले की सोडते. ती किती बलाला सोडेल हे कारागिराच्या हातात असते. कमान फार कडक केली तर चाकू उघडताना नखे तुटतात, मऊ केली तर पाते सहज मिटते. इथे कुठेतरी मधला मार्ग काढावा लागतो. मात्र तिचा एक गुण आहे. ती माणसाला फसवत नाही. पाते मिटू शकते हे प्रत्येक वेळी उघडझाप करताना हाताला जाणवत राहते.

स्विस सैनिकाला १८९१ मध्ये जो प्रसिद्ध चाकू मिळू लागला, तो याच प्रकारचा होता. पात्याला खटका असलेला चाकू स्विस सैन्याने स्वीकारला तो २००८ च्या नमुन्यात. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे एका देशाचे सैनिक खटका नसलेल्या पात्यावर काम चालवत होते.

खटका कोणाला हवा होता?

खरा खटका, म्हणजे माणसाने मुद्दाम सोडवल्याशिवाय न सुटणारा, युरोपात जुन्या काळापासून माहीत होता. स्पेनमधील 'नावाखा' या मोठ्या घडीच्या चाकूत मुठीवरच्या कमानीला भोक असे आणि पात्याच्या बुडावरचा दात त्यात अडके. काही नावाखांत एकाऐवजी अनेक दात असत, त्यामुळे उघडताना कर्रकर्र आवाज येई. हिंदी चित्रपटांतला रामपुरी पाहिलेल्या आपल्या वाचकांना अशा आवाजाचा परिणाम वेगळा सांगायला नको. खटक्याच्या चाकूची ही एक ओळख, हाणामारीचे हत्यार म्हणून, तेव्हापासून त्याला चिकटली आणि आजही सुटलेली नाही. उत्तर प्रदेश सरकारने १९९० च्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्याचे चाकू बनवण्यावर बंदी घातली, ती रामपूरच्या या धंद्याला फार जाचली.

पण खटक्याची दुसरी वंशावळ कारागिरांची आहे. अमेरिकेत १९०६ मध्ये वॉटसन आणि चॅडविक यांना एका खटक्याचे पेटंट मिळाले. चाकूच्या मुठीत आतून पितळेचे किंवा पोलादाचे पातळ अस्तर असते. या अस्तराची एक पट्टी कापून किंचित आत वाकवली, की पाते उघडताच ती बाजूला सरकून त्याच्या बुडामागे पाचरीसारखी उभी राहते. मिटायचे असेल तर पट्टी अंगठ्याने बाजूला ढकलायची.

ही युक्ती वापरली गेली ती मुख्यतः वीजतंत्र्यांच्या चाकूत. अमेरिकी सैन्याच्या संदेशवहन विभागाला दिला जाणारा 'टीएल-२९' हा त्यातला प्रसिद्ध नमुना. त्यात दोन पाती असत, एक कापण्याचे आणि एक स्क्रू फिरवण्याचे. खटका होता तो स्क्रू फिरवण्याच्या पात्याला! कापण्याचे पाते साध्या कमानीवरच होते. पहिल्यांदा हे वाचताना उलटे वाटते. पण बलाची दिशा आठवा. कापताना बल एकाच दिशेने येते. स्क्रू फिरवताना आपण दाबतो, पिळतो, आणि बल कोणत्याही बाजूने येऊ शकते. ज्याने ही रचना केली त्याने प्रश्न बरोबर विचारला होता.

साव्हॉयचे कडे

फ्रान्सच्या साव्हॉय या डोंगराळ भागात जोझेफ ओपिनेल या तरुणाने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी एक साधा चाकू बनवला. बीच लाकडाची गोल मूठ, पात्यासाठी खाच, एक खिळा, आणि टोकाला धातूचे कडे. १८९७ पासून तो १ ते १२ क्रमांकांच्या आकारांत मिळू लागला. मूळ चाकू घर्षणाचाच होता. १९५५ मध्ये त्याच घराण्यातील मार्सेल ओपिनेलने आणखी एक कडे चढवले. या कड्याला एका बाजूला फट आहे. फट पात्यासमोर असली की पाते फिरते. कडे थोडे फिरवले की फट सरकते आणि पाते अडते. २००० मध्ये या कड्यात सुधारणा झाली आणि मिटलेले पातेही त्याने अडवता येऊ लागले, म्हणजे चाकू खिशात उघडण्याची भीती गेली.

या रचनेत ना नाजूक कमान, ना लपलेले दात. खटका लागला आहे की नाही हे डोळ्यांना दिसते, बोटांना कळते. पण तो आपोआप लागत नाही. कडे फिरवायला विसरलो तर खटका असून नसल्यासारखा. म्हणजे यंत्राची विश्वासार्हता मोजताना ते वापरणाऱ्या माणसाची सवयही हिशेबात धरावी लागते.

तरफेचा हिशेब

१९६४ च्या सुमारास अमेरिकेतील बक कंपनीचा '११०' क्रमांकाचा चाकू बाजारात आला आणि खटक्याचा चाकू म्हणजे असा, असे समीकरणच झाले. त्यात मुठीच्या पाठीत एक दांडी असते. ती मध्यावर खिळ्यावर झुलते, सी-सॉसारखी. पुढच्या टोकाला दात, मागच्या टोकाखाली कमान. पाते उघडले की दात बुडावरच्या खाचेत पडतो. मागचे टोक दाबले की दात वर येतो. ही कल्पना बक यांच्या आधीपासून प्रचलित होती. त्यांनी ती भक्कम आणि नेटकी केली.

अशा दातावर किती बल येते, ते काढू या. समजा, खिळ्यापासून ७ सेंटिमीटर अंतरावर पात्याच्या पाठीवर ५ किलोग्रॅम वजनाएवढे बल आले. दात खिळ्यापासून ७ मिलिमीटर अंतरावर आहे. तरफेच्या नियमाने दोन्ही बाजूंचे आघूर्ण सारखे हवे:

५ × ७० = बल × ७

म्हणजे दातावर ५० किलोग्रॅम वजनाएवढे बल येते, दहापट! एका हाताने सहज देता येणारे बल दाताजवळ पोचेपर्यंत सिमेंटच्या एका पोत्याच्या वजनाएवढे होते. खटक्याचे भाग बोटाच्या नखाएवढे असतात, म्हणून ते कडक पोलादाचे करावे लागतात.

हीच तरफ अचूकतेबाबतही लागू पडते. दात आणि खाच यांच्यात एक दशांश मिलिमीटर फट राहिली, तर ८ सेंटिमीटर लांबीच्या पात्याचे टोक १ मिलिमीटरहून जास्त हलते. 'पाते डुगडुगते' ही तक्रार म्हणजे खिळ्याजवळच्या केसाएवढ्या फटीची मोठी केलेली प्रतिमा असते.

या रचनेच्या उणिवाही तिच्या गुणांतूनच येतात. खाचेत खिशातली धागेकुसे, माती जमली तर दात पूर्ण बसत नाही; वरून मात्र चाकू उघडलेला आणि पक्का दिसतो. दुसरे असे, की मूठ फार घट्ट आवळली तर तळहाताचा मांसल भाग दांडीच्या मागच्या टोकावर दबू शकतो, आणि नेमक्या जोर लावण्याच्या क्षणी खटका सुटू शकतो. म्हणून पुढे काही कारागिरांनी दांडीच्या त्या जागी एक खळगा ठेवायला सुरुवात केली. बदल लहानसा, पण तो चाकूची ताकद वाढवण्यासाठी नव्हता. हात चाकू कसा धरतो हे पाहून तो केलेला होता.

आठ अंशांची गोष्ट

१९८० च्या सुमारास मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने अस्तराच्या पट्टीची जुनी युक्ती पुन्हा हाती घेतली. त्याने पाठीची कमान काढून टाकली, अस्तर जाड केले, पट्टीचे टोक पात्याच्या बुडाच्या तिरप्या पृष्ठभागावर टेकवले आणि मिटलेले पाते जागेवर राहावे म्हणून पट्टीत एक बारीक गोळी बसवली. चाकू एका हाताने उघडता आणि मिटता येऊ लागला. त्याच दशकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेच्या ख्रिस रीव्ह यांनी अस्तराऐवजी मुठीची टायटेनियमची भिंतच कापून तिची पट्टी केली.

बुडाचा पृष्ठभाग तिरपा का? तो काटकोनात असता, तर पट्टी अगदी नेमक्या लांबीची लागली असती. जरा लांब झाली तर ती मागे जाणार नाही, जरा आखूड झाली तर पाते डुगडुगेल. तिरप्या पृष्ठभागावर पट्टी पाचरीसारखी सरकत जाते आणि जिथे फट संपते तिथे थांबते. झीज झाली की ती आणखी थोडी सरकते. खटका स्वतःच स्वतःला जुळवून घेतो.

पण तिरपेपणाला किंमत आहे. पाते मिटायच्या दिशेने ढकलले गेले की त्या बलाचा एक छोटा घटक पट्टीला बाजूला सारायला पाहतो. त्याला विरोध करते ते घर्षण. उतरणीवरचा ठोकळा जसा एका ठरावीक कोनापर्यंत घसरत नाही, तसेच हे आहे. कोनाची स्पर्शज्या घर्षणांकापेक्षा लहान असेपर्यंत पट्टी कितीही दाबली तरी सरकणार नाही. कोन त्याहून मोठा झाला की नुसत्या दाबानेच सुटेल.

कारागीर हा कोन साधारण ७ ते ८ अंश ठेवतात. ८ अंशांची स्पर्शज्या आहे ०.१४. कोरड्या स्वच्छ पोलादावर पोलादाचा घर्षणांक याहून बराच जास्त असतो. तेल लागले की तो ०.१ ते ०.१५ च्या आसपास येऊ शकतो, म्हणजे अगदी काठावर! खिळ्याला तेल द्यावे, पण खटक्याच्या तोंडावर राहू देऊ नये, असे जाणते लोक सांगतात, त्याचे कारण हे.

मग कोन आणखी लहान, ४ अंश, का ठेवू नये? त्याने घसरण्याची भीती जाईल. पण पाचर इतकी घट्ट रुतेल की सोडवणे कठीण. शिवाय झिजेचा हिशेब पाहा. ८ अंशांत एक दशांश मिलिमीटर झीज भरून काढायला पट्टीला सुमारे ०.७ मिलिमीटर बाजूला सरकावे लागते. ४ अंशांत सुमारे १.४ मिलिमीटर. आणि ही पट्टीच मुळात एक-दीड मिलिमीटर जाडीची असते. म्हणजे चाकू लवकर 'संपेल'. घसरण एका बाजूला, रुतणे आणि झीज दुसऱ्या बाजूला. यांतून निघालेली तडजोड म्हणजे हे ७-८ अंश. निसर्गनियमांनी आखून दिलेल्या अरुंद वाटेवरून कारागीर अनुभवाने चालत होता.

नंतरच्या रचनांनी ही वाट बदलायचा प्रयत्न केला. १९९८ मध्ये बेंचमेड या कंपनीच्या चाकूत मॅकहेन्री आणि विल्यम्स या दोघांची रचना आली. त्यात पोलादाची एक आडवी दांडी पात्याचे बूड आणि अडणी यांच्यामध्ये अडकते. बल दांडीच्या आरपार सरळ जाते, पातळ पट्टीच्या लांबीवरून नाही. पण ही दांडी जागेवर ठेवतात त्या दोन बारीक तारेच्या स्प्रिंगा, आणि त्या तुटू शकतात. एक उणीव काढली की दुसरी कुठेतरी बसतेच. फक्त ती कुठे बसवायची हे आपण निवडू शकतो.

ताकद आणि विश्वास

चाकूच्या मुठीला शिकंज्यात धरून पात्याला वजने टांगायची आणि खटका किती वजनाला तुटतो ते पाहायचे, ही चाचणी लोकप्रिय आहे. ती खटक्याची ताकद मोजते. आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे अशा आकड्यांवर खूश होतो, कारण ते सहज मोजता येतात. पण खटके प्रत्यक्षात दगा देतात ते बहुधा वजनाने तुटून नाही. झटक्याने पट्टी क्षणभर उडते. पिळण्याने मूठ वाकते आणि टेकण्याची जागा सरकते. कचऱ्याने दात अर्धवट बसतो. झिजेने सगळे हळूहळू बदलते. शंभर किलो पेलणारा खटका पाठीवर बसलेल्या एका हलक्या टोल्याने सुटू शकतो. ताकद एकदा मोजता येते. विश्वासार्हता मात्र 'किती वेळा, कोणकोणत्या परिस्थितीत' अशी मोजावी लागते.

एक काल्पनिक हिशेब करू. समजा, पाठीवर जोर येण्याच्या १,००० प्रसंगांत खटका एकदा सुटतो. आणि समजा, सावध माणसाची बोटे अशा १०० प्रसंगांत एकदाच पात्याच्या वाटेत असतात. दोन्ही गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर अपघाताची शक्यता १,००,००० मध्ये १. पण खटका आहे म्हणून माणूस निर्धास्त झाला आणि त्याची बोटे दर दुसऱ्या प्रसंगी वाटेत येऊ लागली, तर शक्यता होते २,००० मध्ये १. खटका तोच, चाकू तोच, धोका पन्नासपट. दोन रक्षणांचा गुणाकार तेव्हाच खरा ठरतो, जेव्हा एकाच्या भरवशावर दुसरे ढिले पडत नाही.

म्हणून चाकूचा पहिला नियम खटक्याच्या शोधानंतरही बदललेला नाही. पाते आत्ता मिटले तर कुठे जाईल, हे पाहून बोटे ठेवायची. खटका त्या नियमाच्या मदतीला असतो, त्याच्या जागी नसतो.

कायदा, शाळा आणि चाकू

खटक्याकडे कायद्याने मात्र वेगळ्या नजरेने पाहिले. ब्रिटनमधील १९८८ च्या कायद्याने ३ इंचांपर्यंत पात्याचा घडीचा चाकू सकारण नसतानाही जवळ बाळगायला मोकळीक दिली. पुढे न्यायालयांनी असा अर्थ लावला, की जो केव्हाही नुसता दाबून मिटत नाही, तो 'घडीचा खिशातला चाकू' नव्हेच. त्यामुळे खटका असलेला चाकू सवलतीतून बाहेर गेला. जर्मनीने २००८ मध्ये एका हाताने उघडणारे आणि खटका लागणारे चाकू योग्य कारणाशिवाय बाळगण्यावर बंधने घातली. कारागिराच्या दृष्टीने खटका म्हणजे बोटांचे रक्षण; कायद्याच्या दृष्टीने खटका म्हणजे भोसकता येईल असे पाते. दोघेही एकाच गुणाबद्दल बोलत आहेत. पाठीवरचे बल सहन करणारे पाते दोन्ही कामांना येते. उपकरणाचा हेतू उपकरणात नसतो, आणि कायद्याला मात्र उपकरणावरच बोट ठेवावे लागते.

जपानमध्ये हिगोनोकामी हा कधी काळी शाळकरी मुलांच्या पेन्सिली तासण्याचा चाकू होता. १९६० मध्ये एका राजकीय नेत्याची भरसभेत हत्या झाल्यानंतर मुलांच्या हातात पाते नको अशी मोहीम देशभर चालली, आणि हे चाकू दप्तरातून गेले. पेन्सिल तासायची यंत्रे आली. बोटे कापायची थांबली असतील. पण पात्याशी कसे वागायचे हे शिकण्याची जागाही गेली. नागानो प्रांतातील एका प्राथमिक शाळेने १९८० च्या दशकापासून नव्या मुलांना पुन्हा हिगोनोकामी देण्याची प्रथा सुरू केली. खटका नसलेला चाकू, जिथे अंगठा उचलला की पाते सैल होते. या निवडीत आम्हाला शहाणपण दिसते.

आपल्या शाळांत पाते आणणे योग्य नाही, आणि तसा आमचा आग्रहही नाही. पण पाते न आणताही यातले बरेच काही करून पाहता येते.

पहिला प्रयोग: जाड पुठ्ठ्याची मूठ आणि पाते कापून टाचणीने जोडा. एक दाभण किंवा काडी अडणी म्हणून लावा. 'धारेवर' आणि 'पाठीवर' बोटाने ढकलून कोणत्या वेळी खटका लागतो ते मुलांना ठरवू द्या. मग त्यांनाच खटका सुचवायला सांगा.

दुसरा प्रयोग: ३० सेंटिमीटरची पोलादी पट्टी घेऊन तिच्यावर नाणे ठेवा आणि एक टोक हळूहळू उचला. नाणे घसरते त्या वेळची टोकाची उंची मोजा. ८ अंश म्हणजे उंची सुमारे ४.२ सेंटिमीटर. आता पट्टीवर तेलाचा हात फिरवून कापडाने पुसून घ्या आणि पुन्हा करा. प्रत्येक वेळी दहा-दहा मापे घ्या. आकडे दर वेळी सारखे येणार नाहीत. 'सर, यातला बरोबर आकडा कोणता?' असे मुले विचारतील. तेव्हा सरासरी सांगून थांबू नका. दहांतल्या सर्वांत कमी आकड्याला नाणे घसरले होते, आणि खटका बनवणाऱ्याला कोन त्या आकड्याच्याही खाली ठेवावा लागतो, हे त्यांना दाखवा.